डब्यातला हॉटस्पॉट

वस्तूंना वाचा होती, पण माणसांना त्यांचं ऐकायला सवड नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका घरात इंटरनेट देणारा छोटासा हॉटस्पॉट आला. जुईलीचा वसतिगृहाचा फॉर्म त्या दिवशी पाचच्या आत भरायचा होता. धूळ बसेल, धाकटा आपटेल, म्हणून तिच्या आईने हॉटस्पॉट स्टीलच्या डब्यात ठेवला आणि झाकण गच्च लावलं.

साडेचारला कॉम्प्युटर करवादला, "अरे ए, पाठव की इंटरनेट! झोपलास काय?"

"पाठवतोय रे दादा, पण बाहेर पोचतच नाही," हॉटस्पॉट आतून ओरडला. "डबेकाका, झाकण जरा सैल करा ना."

"गप बस," डबा म्हणाला. "बाहेर काय काय असतं, तुला अजून कळायचं नाही."

आईने कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला, मग देवापुढे हात जोडले. जुईली रडवेली झाली. हॉटस्पॉटचा दिवा तरी लागलाय का, हे बघायला तिनेच झाकण उघडलं, आणि लगेच रेंज आली. पाचला चार मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

डबा मात्र फळीवरच्या सगळ्या डब्यांना सांगत सुटला, "बघितलंत ना? मी एवढं जपलं, म्हणूनच पोरगं ऐनवेळी कामाला आलं!"