चुकायची जागा

"आणि संगणकाच्या पडद्यावरचं कुंकू कुणी पुसलं?" आक्कांनी विचारलं.

"मीच," शाल्मली म्हणाली. "मला वाटलं, काचेवर डाग पडलाय."

आक्का टेकडीवरच्या त्या लहानशा आश्रमाच्या प्रमुख. दवाखान्याच्या ओसरीवर बसून गोळ्यांच्या पुड्या बांधत होत्या.

शाल्मली परदेशात शिकून दोन महिन्यांपूर्वी इथे आली होती. दवाखान्याच्या संगणकावर तिनं नवी प्रणाली घातली, तेव्हा तिला वाटलं होतं, सोपानबुवा हरखून जातील. बुवा हरखले नाहीत. परक्याच्या घरात शिरल्यासारखे पडद्याकडे बघत राहिले.

बारा वर्षं रुग्णांच्या औषधांचे कागद तेच काढत. यादी उघडायचं चित्र खाली डाव्या कोपऱ्यात असे. नजर चुकू नये म्हणून तिथे काचेवर त्यांनी कुंकवाचं बोट लावलं होतं. नव्या प्रणालीत ते चित्र मधोमध सरकलं. यादीही बदलली. पूर्वी आज आलेल्याचं नाव सगळ्यात वर असे. आता शेवटी उघडलेला कागद वर येऊ लागला.

काल बुवांनी सवयीनं वरचाच कागद छापला. तो एका मोठ्या माणसाचा होता. समोर उभी होती सहा वर्षांची पोर. मोठ्याच्या डोसची पुडी तिच्या आईच्या हातात गेलीसुद्धा. बुवांनी धावत जाऊन दारातून ती परत घेतली.

तेव्हापासून ते खोलीबाहेर आले नव्हते.

"उद्या आकडीच्या औषधांचा दिवस," शाल्मली म्हणाली. "चाळीस माणसं येतील. बुवा म्हणतात, माझ्या हातून एखादं पोर जाईल, मी त्या यंत्राला शिवणार नाही."

"मग जुनं घाल परत."

"नाही घालता येत. म्हणजे... येतं. पण जुनं आता सुरक्षित नाही. एक दिवस सगळ्या नोंदी जातील. चांगलं सोडून वाईटाकडे जायचं का, आक्का?"

"नको जाऊस."

"मी शिकवलं त्यांना. तीनदा. हात धरून शिकवलं. धरलेला असतो तोवर जमतं, सोडला की संपलं. त्यांचं लक्षच नसतं."

"बस इथे," आक्का म्हणाल्या.

त्यांनी शाल्मलीच्या हातात कागदाचा चौकोन दिला, त्यावर दोन गोळ्या ठेवल्या आणि तिची बोटं आपल्या बोटांत धरली. एक घडी, दुसरी घडी, टोक आत. दोन श्वासांत पुडी तयार.

"जमली?"

"हो. छान झाली."

"आता एकटी बांध."

शाल्मलीनं घडी घातली. टोक बाहेर राहिलं. ते खोचलं तर दुसरी बाजू उघडली. एक गोळी घरंगळत पायरीपर्यंत गेली.

"पुन्हा दाखवा ना."

"तीनदा दाखवू?"

शाल्मलीचे कान तापले. ती उठून गोळी घेऊन आली.

"इथे गोळी सांडली, एवढंच. तिथे जीव जाईल. त्यांना चुकू कसं देऊ?"

"न चुकता तुला पुडी आली?"

"नाही... पण उद्या? औषधाच्या दिवशी?"

"मग चुकायची जागा दुसरी बघ."

एवढं बोलून आक्का पुन्हा पुड्यांकडे वळल्या.

सकाळी प्रार्थनेच्या आधीच शाल्मली बुवांच्या दारात उभी होती.

"बुवा, आजचे कागद हातानं लिहायचे. वीज गेली की तुम्ही काढता ना, त्या वहीवरून. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"आणि तुझं ते यंत्र?"

"त्यात मी पाच नवे रुग्ण घातलेत. आपल्या शेळ्या. चंद्री सगळ्यात वर. दुपारी त्यांचे कागद काढा. सगळे चुकले तरी चालेल."

बुवांनी विचारलं, "चंद्रीला आकडी येते?"

"फार."

"मोठ्याचा डोस दिला तिला तर?"

"मरेल. मग तिला परत जिवंत करू आणि पुन्हा बसू. मी मागे बसेन, हात पाठीशी बांधून."

"तुला नाही राहवायचं," बुवा म्हणाले. पण त्यांनी वही काढली.

शाल्मली ओसरीवर आली. ठरवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. पंधरा दिवस शेळ्या. एकही चूक झाली नाही तरच माणसं. तोवर वही.

आक्कांनी हातातली पुडी पुरी केली.

"बुवांची सोय झाली," त्या म्हणाल्या. "शिकवणं तुलाही नवंच. तू कुठे चुकणार आहेस?"