बुंदीचं घर आणि काकांचा चष्मा

एवढीशी खार होती. नाव तिचं बुंदी.

महादूकाका सुतारांच्या अंगणात एक ओंडका होता. ओंडक्यात होती ढोली. ढोलीत होतं बुंदीचं घर. मऊ मऊ. उबदार.

एकदा काकांना फळी हवी होती. त्यांनी ओंडका करवतीखाली ठेवला. इतक्यात काकूने हाक मारली, "अहो, लवकर या! भाकरी निवतेय!"

"आलो, आलो!" काका म्हणाले.

काकांनी घाई केली. चष्मा घातला नाही. ढोलीत बघितलं नाही. बटण दाबलं. विजेची करवत फिरली.

घर्रर्र! घर्रर्र!

बुंदी टुणकन बाहेर उडाली. ओंडक्याचे झाले दोन तुकडे. बुंदीचं घर गेलं.

काकांनी करवत बंद केली. कपाळाला हात लावला.

"अरेरे! आधी बघायला हवं होतं. मी बघितलंच नाही!"

बुंदी रडली. चिक् चिक्. चिक् चिक्.

"काका, काका, घर करून द्या ना. मला घर नाही."

काका म्हणाले, "चुकलं गं माझं. घर करीन. पण दाराला भोक हवं. ड्रिल फिरेल, तर मी घर करीन."

बुंदी निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

टेबलावर होतं ड्रिल. लांब टोकाचं.

"ड्रिलदादा, ड्रिलदादा, फिर ना.
काका घर करेनात.
मला घर नाही."

ड्रिल म्हणालं, "नाही फिरणार! भुसा उडेल. काकांच्या डोळ्यात जाईल. चष्मा नाकावर बसेल, तर मी फिरेन."

बुंदी निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

खुंटीवर होता चष्मा. मोठ्ठ्या काचांचा.

"चष्मेदादा, चष्मेदादा, नाकावर बस ना.
ड्रिल फिरेना.
काका घर करेनात.
मला घर नाही."

चष्मा म्हणाला, "नाही बसणार! मी धुळीने माखलोय. काकांनी मला किती दिवसांत घातलंच नाही. माझ्यातून काही दिसत नाही. फडकं पुसेल, तर मी बसेन."

बुंदी निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

कोपऱ्यात होतं फडकं. चुरगळलेलं.

"फडकेताई, फडकेताई, पुस ना.
चष्मा बसेना.
ड्रिल फिरेना.
काका घर करेनात.
मला घर नाही."

फडकं म्हणालं, "नाही पुसणार! मी मळलंय. रोज पुसायला हवं होतं. मी नुसतंच लोळत राहिलं. हापसा पाणी देईल, तर मी पुसेन."

बुंदी निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

अंगणाच्या टोकाला होता हापसा. उंच दांड्याचा.

"हापसेआजोबा, हापसेआजोबा, पाणी द्या ना.
फडकं पुसेना.
चष्मा बसेना.
ड्रिल फिरेना.
काका घर करेनात.
मला घर नाही."

हापसा म्हणाला, "नाही देणार! माझा दांडा आपोआप हलत नाही बाळा. काकू हलवेल, तर मी पाणी देईन."

बुंदी निघाली. टुणुक… टुणुक… पाय दमले होते.

पायरीवर बसली होती काकू. ताटात भाकरी तशीच होती. कुणी खाल्लीच नव्हती.

"काकू, काकू, दांडा हलव ना.
हापसा पाणी देईना.
फडकं पुसेना.
चष्मा बसेना.
ड्रिल फिरेना.
काका घर करेनात.
मला घर नाही."

काकूने मान खाली घातली.

"माझे हातच उठत नाहीत गं. करवतीपाशी माणूस असताना मी हाक मारली. लवकर या, लवकर या म्हटलं. म्हणून काकांनी घाई केली. म्हणून तुझं घर गेलं. तू माझ्यापाशी बसशील, तर मी उठेन."

बुंदीने शेपटी फुगवली. तिला राग आला होता. ती गेली दूर. पाठ करून बसली.

काकूने पदराने डोळे पुसले.

बुंदीने हळूच मागे बघितलं. मग आली एक पाऊल. अजून एक पाऊल. बसली काकूच्या पायापाशी.

"काकू, मी खूप रागावले होते. आता थोडीशीच रागावले आहे."

"थोडीशी चालेल," काकू म्हणाली.

मग काय झालं?

काकू उठली. दांडा हलवला. खटॅक खटॅक!
हापशाने पाणी दिलं. भळ भळ भळ!
फडकं न्हालं. पिळलं. उन्हात वाळलं. फडक्याने चष्मा पुसला. फस् फस्!
चष्मा काकांच्या नाकावर बसला. टप्!

ड्रिल म्हणालं, "आता मी फिरेन."

पण काका म्हणाले, "थांब. आता घाई नाही."

काकांनी लोंबती बाही वर दुमडली. फळीच्या वर बघितलं. फळीच्या खाली बघितलं. एक मुंगी चालली होती.

"जा गं बाई आधी," काका म्हणाले.

मुंगी गेली. बुंदी लांब बसली. काकूने हाक मारली नाही. अगदी गप्प उभी राहिली.

मग काकांनी बटण दाबलं.

गुर्रर्र! गुर्रर्र!

भुसा उडाला. काचेवर आपटला. काकांच्या डोळ्यात नाही गेला. फळीला पडलं गोल गोल भोक.

काकांनी ड्रिल बंद केलं. वायर काढली. मग हातोडी घेतली. ठक ठक ठक! झालं घर. काकांनी ते चिंचेच्या झाडावर बांधलं. घट्ट.

बुंदी आत गेली. नाक बाहेर काढलं.

"बरं आहे का गं?" काकांनी विचारलं.

"बरं आहे. पण जुन्याची आठवण येते."

"मलाही येते," काका म्हणाले. "ते काही मला परत करता येत नाही."

काका झाडाखाली उभे राहिले.

मग बुंदी म्हणाली, "काका, उद्या या हं मला बघायला."

काका हसले. थोडंसंच हसले.

बुंदी आत वळली. गोल गोल झाली. शेपटी पांघरली. डोळे मिटले.

बुंदी निजली, गोष्ट निजली. आता तुम्हीही डोळे मिटा बरं.