पाच रिकाम्या पानांचा शाप

एका राज्यात, जिथे नदीसुद्धा राजाला विचारून वळण घेई, हेमांगद नावाचा राजा होता. माणूस वाईट नव्हता हो, पण भारी उतावळा. त्याचा नेम असा, की सणाच्या पंगतीत एकही पान रिकामे असेतो स्वतः घास घ्यायचा नाही.

एके वर्षी त्याने राजवाड्याचे माळी आणि वाजंत्री जेवायला बोलावले. आचाऱ्याने माळ्यांच्या नाईकाला विचारले, "तुमचे किती?" तो म्हणाला, "वीस." वाजंत्र्यांच्या नाईकाला विचारले. तो म्हणाला, "पंधरा." आचाऱ्याने केळीची पस्तीस पाने मांडली. मंडळी आली, बसली, वरणभात वाढून झाला, आणि पाहतात तो पाच पाने रिकामी!

राजाचे डोके फिरले. "माझे अन्न झिडकारणारे हे पाच कोण? त्यांना शासन झाले पाहिजे."

शेजारी मांत्रिक विक्राळबुवा बसला होता. राजाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढेच त्याला ठाऊक. त्याने हातावर पाणी घेऊन सोडले आणि म्हणाला, "ज्यांची पाने रिकामी, ते दगड होवोत!" त्यासरशी पंगतीत भात कालवत बसलेले पाचजण बसल्या जागी दगड झाले.

जेवणारेच दगड झाले, हे कसे? लोक कुजबुजले, "जेवत होते खरे, पण मनात खोट असणार." लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! त्या पाचांत तुळाजी होता. सकाळी बागेला पाणी घालायचा, संध्याकाळी देवडीवर सनई वाजवायचा. त्याची लेक अबोली. नाव अबोली, पण बोलायला लागली की तोंडाचा पट्टा सुरू. ती पंगतीत वाढायला आली होती, तिथेच ओरडली, "माझा बाबा शिळ्या भाकरीलाही हात जोडून मग खातो. तो अन्न झिडकारील? शक्यच नाही!"

भिंतीवर एक भारद्वाज बसला होता. भारद्वाज दिसला तरी शुभ मानतात, हा तर बोलला. म्हणाला, "अबोली, मांत्रिक आता आपल्या डोंगरावर जाईल. शाप सोडवणार तोच, म्हणून तूही चल. तिसऱ्या दिवशी ही केळीची पाने वाळतील, आणि मग हे दगड कायमचे दगड." अबोलीने पदर खोचला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी ती भारद्वाजामागोमाग डोंगरावर पोहोचली. विक्राळबुवा म्हणाला, "तीन कामे कर, शाप सुटेल. एक चुकले तर परत जा."

"सांगा, बुवा."

"माझ्या बागेतली सगळी सुंदर फुले आण."

अबोली माळ्याची पोर. जागची हलली नाही. म्हणाली, "सुंदर म्हणजे कोणते? तुम्हांला कमळ सुंदर वाटेल, मला भोपळ्याचे फूल. कोणते फूल आत आणि कोणते बाहेर हे ठाम सांगता येत नाही, तो ढीग गोळा करायचा तरी कसा? नीट खूण सांगा, मग आणते."

मांत्रिक मिशीत हसला. "बरे. पांढरी आणि पाच पाकळ्यांची." अबोलीने अर्ध्या घटकेत ओटी भरून आणली. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

मग त्याने गाडीच्या चाकाएवढी दोन सोन्याची कडी जमिनीवर टाकली. "या अंगणातले सगळे काळे पक्षी या कड्यात, आणि सगळे बोलणारे पक्षी त्या कड्यात. काळा पक्षी काळ्यांच्या बाहेर राहिला, किंवा बोलणारा बोलणाऱ्यांच्या बाहेर राहिला, तर त्याचा प्राण जाईल."

अबोलीने मोजले. काळे सात, बोलणारे सहा. तेरा हवेत. पण अंगणात तर पक्षी दहाच! तेवढ्यात तीन काळे कावळे एका सुरात म्हणाले, "बाई, आम्ही काळेही आहोत आणि बोलतोही. आम्ही कुठे मरायचे?" अबोलीला फार वाईट वाटले. इकडे ठेवावे तर तिकडून जातात, तिकडे ठेवावे तर इकडून.

ती खाली वाकली आणि एक कडे ओढून तिने दुसऱ्यावर थोडे चढवले. मध्ये दोघांची मिळून एक जागा झाली. "या रे, तुम्ही इथे बसा. दोन्हीकडचे आहात, यात तुमचा गुन्हा काय?" भारद्वाज तांबड्या पंखांचा, तो नुसत्या बोलणाऱ्यांत जाऊन बसला. सगळ्यांचे प्राण वाचले.

आणि अबोली एकदम ओरडली, "अगं बाई! माझा बाबासुद्धा या कावळ्यांसारखाच! माळ्यांतही मोजला आणि वाजंत्र्यांतही. माणूस एक, पाने दोन. एकावर जेवला, दुसरे रिकामे राहिले. ते पाचही जण तसलेच!"

विक्राळबुवाचा चेहरा उतरला. पण मंत्राला मंत्राचे नियम. तो हळूच म्हणाला, "तिसरे काम. हे तिसरे कडे घे. ज्यांनी राजाचे अन्न झिडकारले, त्यांना यात उभे कर. मगच शाप सुटेल."

अबोली रात्रंदिवस चालून तिसऱ्या दिवशी राजवाड्यात आली, मागोमाग मांत्रिक. पानांच्या कडा वाळून कुरकुरू लागल्या होत्या. तिने हकीकत सांगितली. ती ऐकून प्रधान म्हणाला, "त्यात काय! तुरुंगातले पाच चोर उभे करा. कडे भरल्याशी कारण."

राजाने अबोलीकडे पाहिले. "मुली, तुझा बाप सुटेल. करू तसे?"

खोटे कशाला सांगू, पोरीचा जीव क्षणभर अडकला. एक 'हो' म्हटले की बाबा परत. मग ती म्हणाली, "नको, महाराज. ते चोर असतील, पण तुमचे अन्न त्यांनी झिडकारलेले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी एकदा झाली, तेवढी पुरे."

तिने अंगणात रांगोळीची दोन रिंगणे काढली, एकमेकांत शिरलेली. नुसते माळी एका बाजूला, पंधरा. नुसते वाजंत्री दुसऱ्या बाजूला, दहा. मधल्या जागेत लोकांनी ते पाच दगड उचलून आणून ठेवले. आचारी बोटांवर मोजू लागला. "पंधरा आणि दहा पंचवीस, आणि हे पाच, तीस. महाराज, मी पाच जणांना दोनदा मोजले हो! न आलेला कोणीच नाही."

अबोलीने तिसरे कडे मांत्रिकापुढे ठेवले. त्यात कोणी नव्हते.

"रिकामे आणलेस?"

"रिकामेच खरे आहे, बुवा. अन्न झिडकारणारे किती? एकही नाही. कोणी नसणे हेही उत्तरच आहे."

पाठशाळेतले गुरुजी याला रिक्त संच म्हणतात. शापाने कडे हुंगले, तो चहूबाजूंनी फिरला, धरायला कोणी सापडेना, तेव्हा धुरासारखा निघून गेला, आणि दगडांची पुन्हा माणसे झाली. विक्राळबुवाने मान खाली घातली. "मी पाने पाहिली. माणसे पाहिली नाहीत."

राजा मधल्या रिंगणात गेला, आणि अजून अंग चोळत असलेल्या पाचांपुढे सगळ्यांदेखत त्याने हात जोडले. "चूक माझी. मी आधी विचारायला हवे होते." कुजबुजणारे लोक एकमेकांची तोंडे पाहू लागले. त्या दिवसापासून त्या राज्यात मोजणी आधी रिंगणे काढून होते, आणि मधल्यांना एकदाच मोजतात.

तुळाजीला यातले काहीच कळले नव्हते. त्याची नजर लेकीच्या पायांवर गेली. तळवे फुटून रक्त आले होते.

"अगं, हे काय करून घेतलंस? कुठे गेली होतीस?"

"तुम्हांला आणायला, बाबा," अबोली म्हणाली, आणि त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.