तसबिरीमागची भिंत

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंना पसंत केलेले घर दाखवायला घेऊन गेला. अंथरुणाला खिळलेली आई आणि लेकरेबाळे यांना घेऊन तो वर्षानुवर्षे भाड्याच्या खोल्या बदलत आला होता. आता गावचे शेत विकून हे घर घ्यायचे, उद्याच विसार द्यायचा, असे ठरले होते. घर त्याने अनेकदा पाहिले होते. पाहिले म्हणजे काय, तर दर वेळी आत एक नजर टाकून ओसरीवर बसून पोहे खाऊन आला होता!

घरमालक व्यापारी होता. त्याने अदबीने स्वागत केले. माजघराच्या भिंतीवर देवाची मोठी तसबीर होती, तिला ताजा हार. आजोबांच्या काळापासून इथे रोज दिवा लागतो, असे त्याने भक्तिभावाने सांगितले. शिष्याने हात जोडले. गुरूंनीही जोडले, आणि पुढे होऊन ती तसबीर सरळ खाली उतरवली.

शिष्याला भयंकर संताप आला. परक्याच्या घरात देवाला हात लावायचा म्हणजे काय? गुरूंना आवरायला तो पुढे झाला आणि थबकला. तसबिरीमागे भिंतीला हात आत जाईल एवढी भेग होती, चिंध्या कोंबून बुजवलेली.

जुन्या घराला असे थोडेफार असायचेच, म्हणून व्यापारी निर्लज्जपणे हसला. शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. याच भिंतीला आईची खाट लावणार असे त्याने या गृहस्थाला सांगितले होते. तेव्हा हा म्हणाला होता, जागा हवेशीर आहे! देवाला लबाडीच्या राखणीला बसवताना याला काहीच वाटले नसेल?

बाहेर पडल्यावरही तो धुमसत होता. गुरू म्हणाले, "रोज दिवा लागतो म्हणाला, पण तसबिरीवर काजळीचा कण नव्हता. मला तेवढंच खटकलं. तो लबाड आहेच. पण मला राग आलाय तो तुझा. तुला डोळे नव्हते असं नाही, तुला भीड पडली. पोहे खाल्ले, आता भिंत कशी ठोकून बघू, माळा कसा दाखवा म्हणू! त्याला काय वाटेल याची तुला केवढी चिंता. आणि ही भिंत कोसळली असती, तर तुझ्या आईला उठून पळता तरी आलं असतं का? अरे, घर विकत घ्यायला गेलेला माणूस पाहुणा नसतो."

शिष्याची मान खाली गेली.

पुढे दोघे दुसरे घर पाहायला गेले. मालकीणबाईंनी आग्रहाने पोह्यांच्या बशा पुढे केल्या. शिष्याने नम्रपणे हात जोडले.

"आधी शिडी द्या," तो म्हणाला. "माळा बघून येतो."

तो वर चढला. गुरूंनी शांतपणे बशी जवळ ओढली आणि पहिला घास घेतला.