सव्वादोनचा हात

एका गावात एक कासारीण राहायची, आणि तिच्यापुढे हात केला नाही अशी बाई त्या गावात सापडली नसती. पंजा हलके हलके दाबून मऊ करायचा, अंगठा तळहाताशी दुमडायचा, आणि बांगडी हाडापाशी अडली की विचारायचं, "माहेरी कधी जाणार गं यंदा?" बाई उत्तर आठवेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. माप ती डोळ्यांनी बघतच नसे. बोटांनी चाचपायची आणि सांगायची, हा सव्वादोनचा हात, हा अडीचचा. तिचं माप कधी चुकलं नाही.

कासारांच्या धंद्याचा एक रिवाज होता. भरताना बांगडी फुटली तर ती कासारणीची. गिऱ्हाइकाने तिचे पैसे द्यायचे नाहीत. आणि फुटली असंही म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं.

तिला एकच लेक. नवरा बांगड्यांची पेटी घेऊन गावोगावचे बाजार करायचा, त्यामुळे घरात बहुतेक वेळ या दोघीच. लेकीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं आणि कासारणीने आधीच जाहीर केलं होतं, "अख्ख्या गावाच्या पोरींचे चुडे मी भरले. माझ्या लेकीचा चुडा दुसऱ्या कुणी भरायचा नाही."

आणि वैशाखात, एका सकाळी, गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवता चढवता तिचा उजवा हात गळून पडला. तोंड वाकडं झालं. अर्धांगवायूचा झटका होता. पंधरा दिवस ती राहते की जाते, कुणाला सांगता येईना. लेकीने त्या पंधरा दिवसांत देवाकडे काय काय मागितलं ते तिचं तिलाच ठाऊक.

सोळाव्या दिवशी वैद्यबुवा म्हणाले, "जीव वाचला. माझं काम झालं. आता हात-पाय परत आणायचे ते तुम्ही मायलेकींनी."

लेक कामाला लागली. रोज तेलाने अंग चोळायची, आईला खांद्याचा आधार देऊन उंबऱ्यापर्यंत न्यायची, मग तुळशीपर्यंत, मग विहिरीपर्यंत. आषाढात कासारीण काठी टेकत एकटी अंगणात आली. श्रावणात तिचं बोलणं सरळ झालं आणि पहिल्या दिवशीच तिने शेजारणीशी भांडण काढलं. लेकीला इतका आनंद झाला की तिने त्या शेजारणीला घरात बोलावून गूळ-शेंगदाणे दिले.

उजवा हात मात्र मागेच राहिला. हलायचा, पण त्यात जोर नव्हता, आणि बोटं बधिर. तापल्या तव्याला लागली तरी तिला कळलं नाही, वास आला तेव्हा कळलं.

वैद्यबुवांनी सांगितलं, "कासारीणबाई, ज्या कामाने हात तयार झाला त्याच कामाने तो परत येईल. रोज बांगड्या भरा."

पण कुणाला भरणार? बायका हळहळायच्या आणि हात पदराखाली घ्यायच्या. तेव्हा लेकच समोर बसली. "भर," म्हणाली.

पहिल्या दिवशी चार बांगड्या वाढल्या. दुसऱ्या दिवशी सहा वाढल्या आणि लेकीच्या मनगटातून रक्त आलं. ते पाहून कासारणीने आपला हात मांडीखाली दाबून ठेवला. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवायलाही उठली नाही.

लेकीला ते बघवेना. तिचा हात सव्वादोनचा. तिने गुपचूप अडीचच्या बांगड्या काढल्या आणि सव्वादोनच्या दोऱ्यात ओवून ठेवल्या. मग आईची मनधरणी करून तिला बसवलं. बांगडी कुठेही न अडता मनगटात गेली. दुसरीही गेली. कासारीण स्वतःच्या हाताकडे बघतच राहिली. झटका आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

आता त्या पोरीला नावं ठेवू नका. तुम्ही-आम्ही तिच्या जागी असतो तर याहून वेगळं काही केलं नसतं. आणि कासारणीच्या नजरेतून हे सुटलं कसं, असंही विचारू नका. आजारातून उठलेल्या माणसाला यश हवंच असतं, ते पारखून घ्यायचं त्याला सुचत नाही.

महिनाभर घरात आनंद होता. लेकीची तेवढी पंचाईत झाली. हात खाली सोडला तर बांगड्या घरंगळणार, म्हणून ती दिवसभर कोपर वाकवून फिरायची. पाणी भरताना, केर काढताना, हात आपला वरच. शेजारीण म्हणाली, "काय गं, कुणाला आशीर्वाद देत हिंडतेस?"

नवरात्रात वैद्यबुवा आले. त्यांनी आपली दोन बोटं कासारणीच्या मुठीत दिली आणि दाबायला सांगितलं. मग लेकीला अंगणात बोलावून ते म्हणाले, "पकड श्रावणात होती तिथेच आहे. तू तर सांगतेस, रोज बांगड्या चढतात. मग जोर जातो कुठे?"

लेकीने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं.

वैद्यबुवा रागावले नाहीत. "अजून दोन महिने आहेत," म्हणाले. "हात येईल की नाही, मी लिहून देणार नाही. पण असा तर कधीच येणार नाही. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव."

लेक बराच वेळ तुळशीपाशी उभी राहिली. सांगितलं तर आई पुन्हा भिंतीकडे तोंड करील, कदाचित कायमची. नाही सांगितलं तर आई हसत राहील, आणि चुड्याच्या दिवशी गावासमोर तिला कळेल. लेक घरात गेली, आईसमोर बसली आणि हात खाली सोडला. बांगड्या खळखळत जमिनीवर पडल्या.

"आई, मी तुला फसवलं. या अडीचच्या आहेत."

कासारणीने एक बांगडी उचलली, उजव्या हाताच्या बोटांत फिरवली आणि म्हणाली, "ठाऊक आहे. चार दिवस झाले, बोटांना लागतंय."

लेकीला आधी काही उमगेना. मग उमगलं. बोटांना माप कळलं होतं. बधिर बोटं जागी झाली होती. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली, आणि महिनाभर उरावर घेतलेलं सगळं ओझं त्या रडण्यात वाहून गेलं.

"मग बोलली का नाहीस?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तू कधी सांगतेस ते बघत होते," कासारीण म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खरं सांगू? मलाही ते सोपं बरं वाटत होतं. पण पोरी, भरताना वाढली तर ती कासारणीची, हे लहानपणापासून ऐकतेस ना? मग माझ्या वाट्याच्या बांगड्या माझ्याकडून वाढू दे की. त्या तू कशाला वाचवतेस? आण सव्वादोनच्या."

दुसऱ्या दिवशी सात वाढल्या. कासारीण कपाळाला हात लावायची, चिडायची, पण पुन्हा बसायची. लेक मनगटाला तेल लावून तिच्यासमोर हात धरायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची, मदतीचा एक शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून. हे तिला रक्त येण्याहून अवघड गेलं. काचांचे तुकडे टोपलीत साठू लागले. गल्लीतल्या पोरी ते खेळायला न्यायच्या आणि दारातून विचारायच्या, "आज किती वाढल्या?" सात म्हणता म्हणता पाच झाल्या, मग तीन. दिवाळीच्या पाडव्याला टोपलीत एकही तुकडा पडला नाही आणि पोरी रुसून गेल्या.

मार्गशीर्ष आला. चुड्याच्या दिवशी घर बायकांनी भरलं. कासारीण काठी बाजूला ठेवून पाटावर बसली. एकेक हिरवी बांगडी चढवायला तिला इतका वेळ लागत होता की चहा दोनदा झाला. डाव्या हाताच्या तिसऱ्या बांगडीला कट्कन आवाज आला. एक म्हातारी पुटपुटली, "शेजारगावच्या कासाराला बोलवायचं का?"

"वाढली," कासारीण शांतपणे म्हणाली. "ती माझी. दुसरी दे."

शेवटची बांगडी हाडापाशी अडली. कासारणीच्या कपाळावर घाम आला. तिने लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, "माहेरी कधी येणार गं?"

लेकीचे डोळे भरून आले. उत्तर आठवेपर्यंत बांगडी मनगटात गेली होती.

मग लेकीने दोन्ही हात खाली सोडले, सगळ्यांना दिसतील असे. एकही बांगडी जागची हलली नाही.

तात्पर्य ज्याला हवं त्याने एवढं घ्यावं: आजारातून उठणाऱ्या माणसाला आपला हात द्यावा, पण त्याचं काम खोटं सोपं करून देऊ नये.