बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

गरिबाच्या दुकानात बूट वाजवत शिरणाऱ्या तपासनिसांनो, आणि बंगल्यापाशी आलात की ओसरीवर चहा पिऊन परतणाऱ्यांनो, अपघात अपघात म्हणून जी माणसं गेली, त्यांचा जाब तुम्हीच द्यायचा आहे.

डोंगरमाथ्यावर धुक्यात बुडालेलं एक थंड गाव होतं. घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटायच्या. बंद खोलीत विषारी वायू साचून माणसं झोपेतच दगावायची. शेवटी नगरपालिकेनं नियम केला, जिथे शेगडी किंवा गीझर, तिथे हवेला वाट हवीच. तपासणीला आधीच्या तपासनिसांच्या जागी आता हेमांगी शेलार ही तरुण निरीक्षक नेमली.

हेमांगीनं इस्त्रीवाल्याची टपरी पाहिली, लॉजची न्हाणीघरं पाहिली. बेकरीवाल्या गफूरभाईंना तर भिंत फोडून झरोका काढायला लावला. त्यांनी तो काढला, पण टोमणा मारलाच, "आमची भिंत मऊ निघाली, मॅडम. आता नगराध्यक्षांची बघा."

दुसऱ्याच दिवशी ती नगराध्यक्ष आबासाहेब खराड्यांच्या बंगल्यात गेली. स्वयंपाकघर ठीक होतं, न्हाणीघर ठीक होतं. मागची एक खोली मात्र बंद होती. आत आबासाहेबांची लेक सुनयना बाळंत होऊन निजली होती. बाजेखाली शेगडी, आणि वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत गोधड्या कोंबलेल्या. बारशाआधी परक्यानं तिथे पाऊल टाकायचं नाही, ही गावाची रीत. अशा खोलीच्या दारातून आजवरचा प्रत्येक तपासनीस मागे फिरला होता.

आबासाहेबांची आई दारात आडवी उभी राहिली. "बाईमाणूस ना तू? बाळंतिणीला वारा बाधतो, एवढंही कळत नाही?"

आबासाहेबांनी आवाज चढवला नाही. तिची नोकरी अजून कायम व्हायची आहे आणि ते आपल्या हातात आहे, एवढीच आठवण करून दिली. हे एक दार सोडावं, म्हणाले.

हेमांगीचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. तरी ती जागची हलली नाही. म्हणाली, "नोकरीचं नंतर बघू, आबासाहेब. आधी लेकीला हाक मारा."

आबासाहेबांनी हाक मारली. मग मोठ्यानं मारली. आतून उत्तर आलं नाही.

म्हातारी आपणहून बाजूला झाली. हेमांगीनं आत धावत जाऊन गोधड्या ओढून काढल्या, खिडकी सताड उघडली आणि बाळाला उचललं. आबासाहेबांनी लेकीला अंगणात आणलं. गार वारा लागताच बाळ ठसकलं, मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असं रडलं. डॉक्टर पोचेपर्यंत सुनयनानंही डोळे उघडले.

पुढच्याच सभेत आबासाहेबांनी घडलेलं सगळं स्वतः सांगितलं. "या मुलीनं माझा मान राखला असता, तर आज मी सुतकात असतो," म्हणाले. हेमांगीची नोकरी कायम करण्याचा ठराव त्यांनीच मांडला. आता ते गाव पाहुण्यांना आधी धबधबा दाखवत नाही. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीलाही झरोका असतो, हे छाती काढून सांगतं.

तात्पर्य: ज्या दारापुढे नियम संकोचतो, त्याच दाराआड जीव गुदमरतो, म्हणून मोठ्यांचा मान राखण्याआधी माणसाचा प्राण राखावा.

गफूरभाईंना हे तात्पर्य फार लांबलचक वाटतं. पाव भट्टीतून काढता काढता ते म्हणतात, "बंगल्यातलं पोर रडलं की मला इथे ऐकू येतं. म्हणजे खिडकी उघडी आहे."