राजा हेमांगदाने ओतून दिलेला चहा

एका राज्यात हेमांगद नावाचा राजा राज्य करी. मुदपाकखान्यात शंभर आचारी राबत, तरी सकाळचा चहा राणी मृणालवती स्वतः करी. अंगणातल्या चुलीवर पातेलं ठेवी, पाण्यात आलं ठेचून टाकी, दूध हळूहळू आटवी, साखर सढळ हाताने घाली. दाट, सायीचा, गोड चहा घेऊन ती राजापाशी येऊन बसे. राजा खलिते वाचत चहा पिई आणि रिकामा पेला बाजूला सारी. बारा वर्षं असंच चाललं.

एके दिवशी कृष्णभद्र नावाचा मांत्रिक सात अरण्यं तुडवत दरबारात आला. थंडीने त्याचे दात वाजत होते. ते पाहून राणीने स्वतः चहा करून आणला. राजाला मानकऱ्यांपुढे लाज वाटली. त्याने पाहुण्याच्या हातातला पेला घेतला आणि पायरीवर ओतून दिला.

"राण्या चूल फुंकत नाहीत," तो म्हणाला. "तुमच्या माहेरी तशी रीत असेल."

 राणीने पदराने पायरी पुसली आणि त्याच दुपारी राजवाडा सोडला. राजाने तिला अडवलं नाही. दिवस मावळेपर्यंत येईल, असं त्याला वाटलं होतं.

मांत्रिक जायला उठला. "राजा, सात अरण्यांत मला कुणी मायेने घोटभर पाणी दिलं नव्हतं. तिने चहा दिला, तो तू मातीत घातलास. आजपासून तुझ्या राज्यात चुलीवर चढलेलं दूध फाटेल. तू आपल्या हाताने चहा करशील आणि ती तो शेवटच्या घोटापर्यंत पिईल, तेव्हाच हा शाप उतरेल."

तसंच झालं. घरोघर दूध नासलं. आजाऱ्यांना ऊन दूध मिळेना, आईविना वाढणारी तान्ही वाळू लागली. बाया पोरं कडेवर घेऊन वाड्याच्या दाराशी येऊन बसत. त्या ओरडत नसत, नुसत्या बसून राहत. राजाने चूल पेटवली, दूध ठेवलं. तेही फाटलं.

तेव्हा राणीची पाळलेली साळुंकी पिंजऱ्यातून बोलली. "साधं दूध तुझ्या हाती टिकायचं नाही. रत्नगुहेतली खडीसाखर आण, काळ्या डोहातल्या म्हशीचं दूध आण, धुक्याच्या डोंगरावरची चहाची पानं आण. मग राणीकडे जा. मी वाट दाखवते."

राजाने पिंजरा उघडला. साळुंकी त्याच्या खांद्यावर बसली.

रत्नगुहेत हिऱ्यांच्या राशी होत्या आणि त्यांत खडीसाखरेचे खडे मिसळलेले होते. हिऱ्याला बोट लागलं की बोट भाजे. राजाची तीन बोटं भाजली. मग तो खाली बसला आणि मुंग्या कुठे जातात ते पाहत राहिला. मुंग्यांनी दाखवले तेवढेच खडे त्याने उचलले.

काळ्या डोहाशी येऊन राजाने म्हशीला हुकूम सोडला. म्हशीने पाण्यात बुडी मारली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी राजा उजाडायच्या आत आला आणि मुकाट्याने काठावर बसला. थंडीने त्याची बोटं वळेनात. बारा वर्षं राणी अशाच वेळी उठत होती, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. म्हैस वर आली आणि तिने लोटाभर दूध दिलं. ते दूध लोट्यात कोमटच राहिलं.

धुक्याच्या डोंगरावर एक यक्ष चहाच्या झुडपाची राखण करी.

"एक प्रश्न," यक्ष म्हणाला. "तुझ्या राणीला चहा कसा आवडतो?"

राजाने खूप आठवून पाहिलं. ती शेजारी बसलेली त्याला आठवली, तिच्या बांगड्या आठवल्या. तिच्या हातात पेला होता की नव्हता, हेही आठवेना.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी कधी विचारलं नाही."

"काही रचून सांगितलं असतंस, तर दगड झाला असतास," यक्ष म्हणाला आणि त्याने ओंजळभर पानं दिली.

साळुंकी राजाला घाटमाथ्यावरच्या धर्मशाळेत घेऊन गेली. मृणालवती तिथे वाटसरूंना पाणी देत होती. राजाने येण्याचं कारण सांगितलं आणि चूल मागितली. तिने हाताने दाखवली.

ओल्या लाकडांनी धूर केला. राजाचे डोळे चुरचुरले. साळुंकी म्हणाली, आलं आधी पाण्यात उकळ, कच्चं दुधात पडलं तर शापाविनाही दूध फाटतं. त्याने तसं केलं. पानं टाकली, दूध ओतलं, मंद आचेवर ढवळत राहिला. एकदाही नजर हटवली नाही. चहा वर आला तेव्हा त्याने भाजल्या बोटांनी पातेलं उतरवलं. साखर घेताना त्याचा हात थांबला.

"राणी, तुम्हाला चहा कसा आवडतो?"

मृणालवतीने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "गोड," ती म्हणाली. "पुष्कळ गोड."

त्याने सगळे खडे घातले. तिने पेला घेतला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. आतल्या चुलीवर एका म्हातारीने दूध ठेवलं होतं. ते उकळलं, वर आलं, आणि फाटलं नाही.

"माझं चुकलं," राजा म्हणाला. "परत चला."

"चुकलं," राणी म्हणाली. "चहा मी त्या तान्ह्यांसाठी प्यायले, महाराज. चांगला झाला होता. पण मी येणार नाही. इथे माणसं पेला दोन्ही हातांनी घेतात."

राजा एकटाच घाट उतरला. साळुंकी राणीपाशी राहिली. गावोगाव चुली पेटल्या होत्या, बाया पोरांना दूध पाजत होत्या, लोक त्याचा जयजयकार करत होते. तो मान खाली घालून चालत राहिला.

राज्याची घडी बसली. राजाने दुसरं लग्न केलं नाही. दर मार्गशीर्षात तो साध्या कपड्यांत घाट चढे आणि वाटसरूंच्या पंगतीत बसे. राणी सगळ्यांना देई तसा त्यालाही चहा देई. कधी विचारी, वाट कशी होती? तो सांगे, बरी होती. तेवढंच बोलणं होई. मग पंगत उठे, मागून आलेल्यांना जागा हवी असे, आणि राजा उठून घाट उतरू लागे.